रेसिपीत कप, बाजारात किलो : इफ्तारच्या फळांचा हिशोब

मोबाईलवरची रेसिपी सांगते दोन कप पपई, एक कप डाळिंबाचे दाणे. पेठहून मंचरच्या बाजारात गेलो तर तिथं सगळं किलोवर. मग अंदाजपंचे घेतलं जातं आणि एक तर फळं उरून काळी पडतात, नाहीतर शेवटच्या सफीला वाटीभरही मिळत नाही.

मुळात कप हे माप आहे, वजन नाही. आपल्या आजीला हा फरक पाठ होता. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण पायलीभर बाजरी आणि पायलीभर शेंगा सारख्या भरत नाहीत, हे तिला सांगावं लागत नसे.

रेसिपीतला कप साधारण 240 मिलीचा. त्यात पाणी 240 ग्रॅम बसतं, पण पपईच्या फोडी 145 ग्रॅमच, कारण फोडींमध्ये पोकळी राहते. तीच पपई कुस्करली की 230 ग्रॅम. केळ्याचे काप 150, कुस्करलेलं केळं 225. द्राक्षं 150, डाळिंबाचे दाणे 175, बी काढून चिरलेला खजूर 145 ग्रॅमच्या आसपास. म्हणून रेसिपीत ‘चिरून’ लिहिलंय की ‘कुस्करून’, ते आधी बघा.

दुसरी गफलत सालीची. केळ्याचं आणि पपईचं साधारण एक तृतीयांश वजन साली-बियांत जातं, डाळिंबाचं जवळपास निम्मं. द्राक्षाचं काहीच नाही, आणि सध्या रमजान जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षांच्या हंगामातच येतोय, हे बरंच झालं.

मशिदीत पन्नास रोजेदारांसाठी फ्रूट चाट करायचंय असं समजा. माणशी 150 ग्रॅम धरले तर चिरलेली फळं साडेसात किलो हवीत. त्यात केळी अडीच, पपई दोन, द्राक्षं दोन, डाळिंब एक किलो. बाजारातून मात्र केळी पावणेचार, पपई तीन, द्राक्षं दोन, डाळिंब दोन, म्हणजे पावणेअकरा किलो आणावं लागेल. वर्गणीचा हिशोब साडेसात किलोवर मांडला तर पैसे कमी पडणारच.

आंब्याच्या मुरंब्यात चूक आणखी महाग पडते. साखर फळाच्या वजनाइतकी घालायची असेल आणि आपण ‘कपाला कप’ घातली, तर फोडींच्या 165 ग्रॅमला साखर 200 ग्रॅम पडते, मुरंबा जास्त गोड होतो. रस घेतला तर उलटं. कपभर रस 250 ग्रॅमचा, साखर 200च. साखर कमी पडली की बरणीला बुरशी लवकर धरते. मुरंब्याला काटाच वापरावा.

माप आणि वजनाचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सदका-ए-फित्र हदीसमध्ये एक साअ खजूर किंवा जव असा आला आहे. साअ म्हणजे चार मुद्द, आणि मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. तेही मापच. त्याचं वजन किती धरायचं यावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी हिशोबात खजुराचा साअ साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो धरतात. फित्र्यासाठी मात्र आपल्या मशिदीतून जाहीर होईल तोच आकडा घ्यावा.

घरी काटा नसेल तर एक करा. नेहमीची वाटी घेऊन किराणा दुकानात जा, रिकामी आणि मग पाण्यानं भरून तोलून घ्या. जितके ग्रॅम वाढले, तितके मिली तुमची वाटी. आकडा वाटीच्या बुडाला मार्करनं लिहून ठेवा.