मैदान रिकामे नव्हते

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या एम. चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला. आदल्या रात्री अहमदाबादेत शहराच्या संघाने आयपीएलचे पहिले विजेतेपद पटकावले होते आणि विजयी खेळाडूंना पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीपुढे सुमारे ३५ हजार आसनांचे ते स्टेडियम अगदीच तोकडे पडले. दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. जॉन मायकल डी'कुन्हा आयोगाने अशा प्रचंड गर्दीच्या कार्यक्रमांसाठी ही वास्तू असुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. महिला विश्वचषकाचे बंगळुरूतील सामने नवी मुंबईला हलवण्यात आले आणि शहराबाहेर बोम्मसंद्र परिसरात ८० हजार आसनांचे नवे स्टेडियम उभारण्याच्या प्रस्तावाला राज्य सरकारने गती दिली.

या घटनाक्रमावरील सारी चर्चा आसनसंख्या, दरवाजे, पोलीस परवानगी आणि उत्तरदायित्व यांभोवती फिरली. ते आवश्यकच होते. परंतु आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मात्र मागे राहिला. प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये इतक्या भिंती कधी उभ्या राहिल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर चिन्नास्वामी स्टेडियमपासून दोनेक किलोमीटरवर असलेल्या एका जुन्या मैदानाकडे वळावे लागते. ते मैदान सेंट्रल कॉलेजचे.

१८५८ मध्ये 'बंगलोर हायस्कूल' म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे सेंट्रल कॉलेज झाली. आरंभी ती मद्रास विद्यापीठाशी संलग्न होती, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचा भाग बनली आणि १९६४ मध्ये नव्या बंगलोर विद्यापीठाकडे आली. चक्रवर्ती राजगोपालाचारी येथलेच विद्यार्थी. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्याही येथलेच. येथून पदवी घेऊन ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकायला आले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे मराठी वाचकाला कायमचे परिचित झाले.

या कॉलेजचे स्थानही अर्थपूर्ण आहे. १९४९ मध्ये एकच महापालिका स्थापन होईपर्यंत बंगलोर ही प्रत्यक्षात दोन शहरे होती. एकीकडे म्हैसूर संस्थानाची जुनी पेठ, दुसरीकडे १८०९ पासून वसलेली ब्रिटिशांची छावणी. दोहोंची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, पोलीसही वेगळे. सेंट्रल कॉलेज पेठेच्या बाजूचे, परंतु छावणीपासून फारसे दूर नसलेले. छावणीतील क्लबांच्या हिरवळीवर सामान्य पेठकऱ्याला प्रवेश नव्हता. कॉलेजच्या मैदानावर मात्र विद्यार्थी, कारकून, शिक्षक, दुकानदार एकाच कडेला उभे राहू शकत होते. मैदानाचा इतिहास हा नेहमीच प्रवेशाचा इतिहास असतो. पुण्यातील युरोपीय क्लबात मैदानाची देखभाल आणि साहेबांना गोलंदाजीचा सराव देणारे पाळवणकर बाळू यांची कहाणी ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

बंगळुरूत नवे स्टेडियम उभे राहण्यापूर्वी म्हैसूर संघाच्या घरच्या सामन्यांचे प्रमुख ठिकाण हेच मैदान होते. तो काळ यशाचा होता असे म्हणता येणार नाही. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी रणजी करंडकाचा पहिला सामना चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि म्हैसूर एकाच दिवसात ४८ आणि ५९ धावांत दोनदा गारद झाला. १९४१-४२ च्या अंतिम सामन्यात मुंबईने त्यांचा एक डाव आणि २८१ धावांनी धुव्वा उडवला. १९४५-४६ मध्ये इंदूरला होळकर संघाने त्यांच्याविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या डावातील सहा शतकवीरांत भांडारकर, सरवटे, जगदाळे आणि निंबाळकर होते. १९५९-६० च्या अंतिम सामन्यात पुन्हा मुंबईच आडवी आली. म्हैसूरला क्रिकेट शिकवण्याचे शुल्क मुंबई-इंदूरकरांनी चांगलेच वसूल केले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

अशा संघाचे सामने पाहायला लोक का येत होते? शहरातील वयोवृद्ध क्रिकेटप्रेमींशी बोलताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. त्यांच्या आठवणींत विजय कमी आहेत आणि जवळीक अधिक आहे. सीमारेषा म्हणजे झेंड्यांची आणि चुन्याची खूण. तिच्या अलीकडे उभे राहिले की क्षेत्ररक्षकाचे पुटपुटणे ऐकू येई. शेवटचा तास बुडवून आलेला विद्यार्थी आणि त्याच तासाचा प्राध्यापक एकमेकांकडे न पाहण्याचा शिष्टाचार पाळत उभे असत. पाठीमागे कॉलेजची गॉथिक वळणाची दगडी इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा. खेळ संपल्यावर खेळाडू प्रेक्षकांमधूनच घरी जात. एरापल्ली प्रसन्ना, भागवत चंद्रशेखर आणि गुंडप्पा विश्वनाथ यांची पिढी देशाला दिसण्याआधी शहराला दिसली ती अशा वातावरणात. १९६३-६४ च्या हंगामात म्हैसूरकडून पदार्पण करणारा, पोलिओमुळे उजवा हात दुबळा झालेला चंद्रशेखर त्याच हंगामात, जानेवारी १९६४ मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. कालपर्यंत परिचित असलेला मुलगा आज देशासाठी खेळतो आहे, हा अनुभव तेव्हाच्या बंगळुरूकरांना अनोळखी नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा आठवणी जपून हाताळाव्या लागतात. स्मृती तारखांची गल्लत करते, दोन सामन्यांचा एक सामना करते. मार्च १९७४ मध्ये कर्नाटकाने मुंबईला उपांत्य सामन्यात रोखून तिची सलग १५ विजेतेपदांची मालिका खंडित केली. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला तो हाच सामना. तो नव्या स्टेडियमवर झाला. परंतु त्याच्या कथेत जुने मैदान कधी कधी नकळत मिसळून जाते. अशा वेळी धावफलक प्रमाण मानावा, हे उघड आहे. मात्र काही गोष्टी धावफलक सांगूच शकत नाही. कोण कुठे उभे होते, कुणाला आत येता येत होते, सामना नसलेल्या दिवशी त्या जागेत कोण खेळत होते, हे केवळ स्मृतीच सांगते. तारखेबाबत साशंक असलेला साक्षीदार जागेच्या वापराबाबत बहुधा विश्वासार्ह असतो.

प्रशासकीय सेवेत काढलेल्या वर्षांत मला या फरकाचे मोल समजले. सरकारी कागदपत्रांत 'मोकळी जागा' आणि 'रिकामी जागा' या दोन शब्दप्रयोगांत एका अक्षरगटाचे अंतर असते आणि त्या अंतरातून इमारती उगवतात. मोकळी जागा ही जाणीवपूर्वक मोकळी ठेवलेली असते, तिला उपयोग असतो. रिकामी जागा म्हणजे उपयोगाची वाट पाहणारी जमीन. एखाद्या टिपणीत मैदानाचा उल्लेख पहिल्यांदा 'रिकामी' असा झाला की पुढची टिपणी वाहनतळाची, त्यापुढची प्रदर्शनाच्या भाड्याची आणि त्यानंतरची बांधकामाच्या प्रस्तावाची असते. यात कुणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. त्या जागेच्या वतीने बोलणारे कुणी नसले, की पुरते.

सेंट्रल कॉलेजच्या मैदानाचे नेमके हेच झाले. त्याला दोन पालक होते, क्रिकेट आणि विद्यापीठ. मे १९६९ मध्ये नव्या स्टेडियमची पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळली गेली. त्याच मालिकेतील अखेरची कसोटी जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमवर झाली. एकाच दौऱ्यात दोन शहरांनी क्रिकेटला सिमेंटच्या नव्या घरात नेले. याच सुमारास बंगलोर विद्यापीठाचा मुख्य पसाराही शहराच्या पश्चिमेकडील ज्ञानभारती परिसराकडे सरकला. काही वर्षांच्या अंतराने दोन्ही पालकांनी पाठ फिरवली. विद्यापीठाच्या विभाजनानंतर २०१७ पासून सेंट्रल कॉलेजचा परिसर पुन्हा एका स्वतंत्र विद्यापीठाचे केंद्र झाला आहे, ही आशादायक गोष्ट. परंतु दरम्यानच्या चार दशकांत या मैदानाचे शहराशी असलेले नाते विरून गेले.

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह टाळायला हवा. कॉलेजच्या मैदानावर आज कसोटी सामना खेळवता येणार नाही, खेळवूही नये. त्या जुन्या गर्दीत स्त्रिया क्वचितच होत्या. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली यांचा अभाव होता. नव्या स्टेडियमने कर्नाटकाच्या क्रिकेटला जे दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न स्टेडियम विरुद्ध मैदान असा नाहीच. स्टेडियम उभारल्यावर मैदानाची गरज संपली, असे आपण गृहीत धरले, ही खरी चूक. स्टेडियम वर्षातील मोजके दिवस प्रेक्षक घडवते. मैदान रोज खेळाडू घडवते. ज्या शहरात तरुणाला खेळायला जागा उरत नाही, तेथे खेळाशी त्याचे नाते विजयी वीराच्या दर्शनापुरते उरते आणि दर्शनाच्या रांगेला शिस्त लावणे हे पोलिसांचे काम होऊन बसते.

मैदानाचे रक्षण करणारा कायदा नाही, असेही नाही. कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या जतनासाठी १९८५ चा कायदा आहे. बंगळुरूच्याच एका निवासी वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये 'बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' या खटल्यात रद्द ठरवला आणि अशा जागेसाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. मोकळी जागा ही शासनाच्या मर्जीची बाब नाही, हा त्या निकालाचा गाभा. मात्र शिक्षणसंस्थेच्या आवारातील मैदान हे ना धड उद्यान, ना धड सार्वजनिक क्रीडांगण. ते संस्थेची मालमत्ता समजले जाते. त्यामुळे त्याचा सार्वजनिक वापर कितीही जुना असला, तरी तो सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकांवर येते. महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. मोकळ्या जागा खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याच्या धोरणावरून मुंबईत २०१६ मध्ये उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल.

म्हणूनच जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी हा केवळ हळवेपणाचा विषय नाही. तो पुरावा आहे, आणि तो वर्षागणिक नाहीसा होत आहे. साठच्या दशकात त्या कडेला उभे राहिलेले विद्यार्थी आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांचे कथन, जुनी छायाचित्रे, गुणपुस्तिका आणि कॉलेजची वार्षिके यांचा संग्रह करणे हे विद्यापीठाच्या इतिहास विभागाला सहज पेलणारे काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. लागते ती निकड.

त्याच्या जोडीला तीन साधे निर्णय घेता येतील. पहिला, शिक्षणसंस्थांच्या जुन्या मैदानांची स्वतंत्र नोंदवही करून त्यांचा वापर 'खेळ' असा निश्चित करावा आणि तो बदलायचा असल्यास जाहीर सुनावणी अनिवार्य करावी. दुसरा, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले असले, तरी शहराच्या मध्यभागातील अनेक शाळांना ते नाही. कॉलेजचे मैदान ठरावीक वेळी अशा शाळांना खुले करावे. तिसरा, क्रिकेट संघटनांनी दरवर्षी वयोगटांतील काही सामने या जुन्या मैदानांवर भरवावेत आणि त्यांच्या देखभालीचा वाटा उचलावा. स्टेडियमच्या तिकिटांतून मिळणाऱ्या उत्पन्नापुढे हा खर्च नगण्य आहे.

हे शहराला अशक्य नाही. सेंट्रल कॉलेजजवळच पूर्वी मध्यवर्ती कारागृह होते. आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले मधु दंडवते यांना तेथे ठेवण्यात आले होते. कारागृह हलवल्यावर ती मोक्याची जमीन विकासकांच्या हाती जाऊ शकली असती. २००८ मध्ये तिचे 'फ्रीडम पार्क' झाले. ज्या शहराने तुरुंगाच्या भिंतींआडची जागा लोकांसाठी मोकळी केली, त्याला मुळातच मोकळे असलेले मैदान मोकळे ठेवता येऊ नये, असे कोणतेही प्रशासकीय कारण मला दिसत नाही. बोम्मसंद्रचे ८० हजार आसनांचे स्टेडियम उद्या उभे राहील. तेथे खेळणारा मुलगा आज कुठे खेळतो आहे, हे त्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत कुठेतरी नोंदलेले असावे.