ईदीतला गेम आणि बदललेला चेहरा

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या खिशात ईदीचे पैसे खुळखुळत असतात आणि बाजार त्या पैशांची वाट पाहत असतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, मनीष मार्केटच्या गल्ल्यांत आणि आता लहान शहरांतल्या खेळण्यांच्या दुकानांतही एक वस्तू हमखास दिसते. तळहाताएवढा रंगीत डबा, वर छोटा पडदा, खाली अधिकच्या चिन्हासारखे बटण आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४०० इन १’. किंमत पाचशे-सहाशे रुपयांच्या आसपास. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, मूल डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे आई-वडीलही फारसे आढेवेढे घेत नाहीत.

मुले हुशार असतात. दोन-तीन दिवसांत त्यांना काही गोष्टी खटकू लागतात. यादीत नाव नवे असते, पण खेळ सुरू झाला की तो मघाचाच निघतो. कधी खेळ ओळखीचा, पण त्यात उड्या मारणारा गडी भलताच. कधी गडी ओळखीचा, पण तो अशा जागी फिरतो जिथे त्याचे काही काम नाही. मग मूल विचारते, “अब्बू, हा खरा गेम आहे का?” प्रश्न छोटा आहे, पण त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. म्हणून आम्ही या डब्याची हकीकत थोडी खोलात जाऊन पाहिली.

यंत्र जुने, डबा नवा

या डब्यात जे चालते त्याचा जन्म जपानमध्ये झाला. १९८३ साली निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या नकला तैवान आणि चीनमध्ये बनू लागल्या आणि जगभर पसरल्या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्याला नुसते ‘टीव्ही गेम’ म्हणत, कॅसेट फुंकून घालत आणि मारिओ, काँट्रा किंवा बदके टिपण्याचा खेळ खेळत, ते बहुतेक ठिकाणी याच नकलांपैकी एक होते. आजच्या वाचकांतले अनेक अब्बू आणि मामू त्यावरच मोठे झाले.

पुढे मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचे काम एकाच चिपमध्ये बसवले गेले. आजच्या स्वस्त डब्याचे मागचे झाकण उघडले तर हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसतो. त्या थेंबाखाली सगळे यंत्र असते. पेटंटची मुदत साधारण २० वर्षांची असते आणि ती केव्हाच सरली आहे. म्हणून असे यंत्र बनवण्यात आज सहसा गैर काही नाही. खरा प्रश्न यंत्राचा नाही, त्यात भरलेल्या खेळांचा आहे.

चेहरा बदलतो कसा?

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ फक्त ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलवर येणारा ‘ईद मुबारक’चा एखादा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. या ४० पैकी ३२ किलोबाइट म्हणजे खेळाचे डोके. उडी किती उंच जाईल, शत्रू कुठून येईल, गुण कसे मिळतील, हे सगळे त्यात आहे. उरलेले ८ किलोबाइट म्हणजे चित्रे. ती वेगळ्या चिपमध्ये, छोट्या चौकोनांच्या रूपात ठेवलेली असतात. प्रत्येक चौकोनात आडवे ८ आणि उभे ८ ठिपके, आणि असे एकूण ५१२ चौकोन. छोटा मारिओ अशा चार चौकोनांचा बनतो.

इतक्या कमी जागेत चित्र काढणे हे मोठे कसब होते. मारिओचे चित्रकार शिगेरू मियामोतो यांनी त्याला टोपी दिली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणे अवघड होते. मिशी दिली, कारण त्यामुळे तोंड काढावे लागले नाही आणि नाक उठून दिसले. त्याच खेळात आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. कापड कमी असताना एकही चिंधी वाया न घालवता कुर्ता बेतणाऱ्या शिंप्यासारखे हे काम आहे.

आता चेहरा बदलणाऱ्याचे काम पाहा. चित्रे वेगळी ठेवलेली असल्यामुळे त्याला खेळाच्या डोक्याला हातही लावावा लागत नाही. चार चौकोन पुसायचे, तिथे दुसरा गडी रंगवायचा, सुरुवातीच्या पडद्यावरचे नाव बदलायचे आणि मूळ कंपनीचे नाव खोडायचे. उडी तीच, शत्रू तेच, वाट तीच. वर्षभराची मेहनत दुसऱ्याची आणि दोन दिवसांची रंगरंगोटी याची.

दोन प्रकारची लबाडी

ही रंगरंगोटी दोन उलट कारणांसाठी होते.

पहिली रीत म्हणजे फारशा न चालणाऱ्या मालावर नावाजलेला चेहरा चिकटवणे. नव्वदच्या दशकात ही फार चालली. तायतो कंपनीच्या ‘डोन डोको डोन २’ या खेळात हातोडा घेतलेला एक बुटका गडी आहे. त्याला मारिओचे रूप दिले आणि ‘सुपर ब्रोस ८’ म्हणून विकले. आयरेम कंपनीच्या एका निन्जा-खेळाचे असेच ‘मारिओ १४’ झाले. निन्टेन्डोने असे खेळ कधी काढलेच नव्हते. सगळ्यांत गमतीचा ‘ग्रँड डॅड’. मूळ खेळ फ्लिंटस्टोन्स या अमेरिकी कार्टूनचा. नकलाकारांनी नायकाच्या धडावर मारिओचे डोके बसवले, शीर्षक बदलले, पण संगीत तसेच ठेवले. पडद्यावर मारिओ आणि कानावर फ्लिंटस्टोन्सची चाल! चोराने घोड्याचा रंग बदलला, पण तो खिंकाळला आणि मालकाने ओळखला, असा हा प्रकार.

दुसरी रीत याच्या नेमकी उलटी. नावाजलेल्या खेळातला ओळखीचा चेहरा पुसून तिथे कुणीतरी अनोळखी उभा करायचा, म्हणजे खऱ्या मालकाच्या चटकन लक्षात येणार नाही. आजच्या डब्यांत ही रीतही आढळते. तिचा आणखी एक फायदा म्हणजे खेळांची संख्या फुगते. एकाच खेळाला तीन चेहरे आणि तीन नावे दिली की यादीत तीन खेळ. पूर्वीच्या ‘९९९९९ इन १’ कॅसेटींत तर एवढेही कष्ट घेत नसत. तोच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू केला की झाला ‘नवा’.

परवानगीने बदललेले चेहरे

चेहरा बदलणे ही गोष्टच वाईट, असे मात्र नाही. आणि इथे एक किस्सा आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखा आहे.

१९८७ साली जपानच्या फुजी टीव्हीच्या एका महोत्सवासाठी निन्टेन्डोने ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ नावाचा खेळ बनवला. त्याचे नायक होते एक अरबी वेशातले कुटुंब: अम्मी, अब्बू, एक तरुण आणि एक तरुणी. गोष्टीच्या पुस्तकात ओढल्या गेलेल्या जुळ्या मुलांना सोडवायला ते चौघे निघतात. खेळात जादूचा दिवा आहे, उडते गालिचे आहेत. सगळे ‘अलिफ लैला’च्या थाटाचे, म्हणजे खऱ्या अरब घरांपेक्षा जपानी कल्पनेतले. १९८८ मध्ये याच खेळात निन्टेन्डोने चौघांच्या जागी आपली मंडळी बसवली आणि अमेरिकेत तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून काढला. अम्मी सगळ्यांत उंच उडी मारत असे. ती उडी मारिओच्या भावाला, लुइजीला मिळाली. जादूच्या दिव्याची जागा औषधाच्या बाटलीने घेतली. तो खेळ लाखो मुले खेळली, पण त्या उडीमागे एक अम्मी होती हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

ब्राझीलमध्येही असेच घडले. तिथल्या टेकटॉय कंपनीने सेगाचा ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’ हा खेळ घेतला आणि १९९१ मध्ये त्यात तिथल्या मुलांची लाडकी कार्टून मुलगी मोनिका आणली. नायकाच्या तलवारीच्या जागी मोनिकाचा कापडी ससा आला. मुले खूश झाली.

तांत्रिकदृष्ट्या ‘सुपर ब्रोस ८’ आणि मोनिकाचा खेळ यांत फार फरक नाही. चौकोन दोन्हीकडे बदलले. पण एकीकडे करार झाला, खेळ कुणाचा हे उघड होते, हिस्सा पोहोचला. दुसरीकडे नाव खोडले गेले. फरक चित्राचा नाही, इजाजतीचा आहे.

हक कुणाचा?

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. हात आत घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस पडला होता. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, अशी ताकीद दिली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि आपल्या घरांत ती सर्वांना ठाऊक असते. ‘४०० इन १’चे खोके हाही एक ढीगच आहे. वर चारशेचा आकडा आणि झगमगीत चित्र, आत ओल.

दुसरी बाजू बनवणाऱ्याच्या हकाची. कुरआनात हजरत शुऐब (अलै.) आपल्या कौमला माप-तोल पुरे करण्यास आणि लोकांच्या वस्तू त्यांना कमी करून न देण्यास सांगतात. कल्पना, नाव, चित्र ही ‘वस्तू’ आहे का, यावर उलेमांत मतभेद झाले आहेत. आपल्या उपखंडात पुस्तकांच्या छपाईच्या हक्कावरून ही चर्चा झाली. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की व्यापारी नाव, लेखन, शोध आणि नवनिर्मिती यांचे हक्क शरीअतच्या दृष्टीने मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही. आम्ही फतवा देणारे नाही. आपल्या घरापुरता मसअला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण निदान हा प्रश्न पडायला तरी हवा. खाण्याच्या पाकिटावरचे बारीक अक्षर आपण भिंगाने वाचतो. मुलाच्या खेळण्यालाही तेवढा हक आहे.

देशाचा कायदा तर स्पष्टच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींत मोडतो आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. म्हणजे ‘जुना गेम आहे, आता कुणाचा राहिला नाही’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे नाही. व्यापार करणाऱ्याला कैदेची शिक्षा होऊ शकते. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्यासाठीही कलम आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका मोठ्या मॉलमध्ये अशी यंत्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याला २००५ मध्ये पाच वर्षांची कैद झाली होती. आपल्याकडे हा माल उघड विकला जातो. पण उघड विकले जाणे म्हणजे जायज असणे नव्हे.

मग घरात काय करावे?

पहिली गोष्ट, मुलावर रागावू नये. त्याने चोरी केलेली नाही. त्याने ईदी खर्च केली आहे. कपाटात बंद झालेला डबा त्याला काही शिकवणार नाही. त्याच्या शेजारी बसून ‘यात काय बदलले आहे ते ओळखू या’ म्हटले, तर तो स्वतःच दहा खुणा दाखवील. त्याच बैठकीत हक, अमानत आणि इजाजत हे शब्द त्याला कळतात.

दुसरी गोष्ट, पुढच्या वेळी विकत घेताना पाहावे. पडद्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि साल आहे का? खोक्यावर कंपनीचा पत्ता आहे का? व्हिडिओ गेमच्या यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक तिथे असायला हवा. यात बॅटरीही असते आणि ती लहान मुलाच्या हातात असते, म्हणून ही तपासणी केवळ तात्त्विक नाही. मूळ कंपनीची यंत्रे महाग आहेत, सर्वांना परवडणारी नाहीत, हे आम्ही जाणतो. पण बनवणाऱ्यांनी स्वतःहून फुकट वाटलेले चांगले खेळही आहेत. ‘सुपरटक्स’ हा मारिओच्या धर्तीचा, पण स्वतःच्या पेंग्विनचा खेळ घरच्या साध्या संगणकावर चालतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. चेहरा बदलण्याची हौस मुलांना असतेच आणि ती वाईट नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ नावाची मोफत व्यवस्था मुलांसाठी खुली केली. तिच्यात ठोकळे जोडून खेळ बनवता येतो. दुसऱ्या मुलाचा खेळ उचलून त्यातला गडी बदलण्याची, त्याला नवा पोशाख चढवण्याची मुभा तिथे आधीच दिलेली आहे. अट एवढीच की मूळ मुलाचे नाव आपल्या खेळावर दिसते, ते खोडता येत नाही.

शाळेचा संगणक असो वा मोठ्या भावाचा लॅपटॉप, सुट्टीत एक दुपार मुलाला यासाठी द्यावी. त्यात शेरवानी घातलेला गडी येऊ द्या, हिजाबमधली आपा येऊ द्या, उंच उडी मारणारी अम्मीही येऊ द्या. आणि खेळ तयार झाला की मुलाला पहिला प्रश्न विचारा, “बेटा, हा मूळचा कुणाचा होता, ते लिहिलेस का?”