उधारीचा आकडा चुकतोय? मायएसक्यूएल शिकताना अडणाऱ्या पाच जागा



दुकानाची वही कॉम्प्युटरवर आणायची म्हणून बरेच जण मायएसक्यूएल शिकायला घेतात. पहिले दोन दिवस टेबल बनतं, नावं भरली जातात, मजा येते. मग एखादी कमांड अडते. किंवा त्याहून वाईट, कमांड चालते आणि उत्तर चुकीचं येतं. एरर आली तर निदान कळतं तरी. चुकीचं उत्तर गुपचूप येतं आणि त्याच्या भरवशावर आपण गिऱ्हाइकाकडे पैसे मागतो. आज सोप्या अडचणींपासून सुरुवात करून त्या जागेपर्यंत जाऊ. कमांड टाइप इंग्रजीतच करायच्या आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहिल्यात.

१. एंटर दाबलं, पण काहीच होत नाही

काळ्या स्क्रीनवर नुसता बाण दिसतोय ना? म्हणजे मायएसक्यूएल तुमची वाट बघतंय. शेवटी अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन द्यायचा राहिलाय. तो द्या, एंटर मारा, काम झालं. बाणाच्या जागी अवतरणचिन्ह दिसत असेल तर तुम्ही कुठेतरी अवतरण उघडलंय आणि बंद केलेलं नाही. आधी ते बंद करा, मग सेमीकोलन.

२. मोबाइल नंबर बसत नाही

नंबर आहे म्हणून कॉलम ‘इंट’ केला, हे अगदी साहजिक आहे. पण इंटमध्ये जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ एवढाच आकडा मावतो, म्हणजे सुमारे २१४ कोटी. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे ६०० कोटींच्या वरच. मग एरर येते. जुन्या सेटिंगमध्ये तर एररही येत नाही, सगळ्यांचा नंबर तोच २१४७४८३६४७ होऊन बसतो!

सोपा नियम असा: ज्याची कधी बेरीज करणार नाही, तो आकडा नव्हे, मजकूर. मोबाइल, पिनकोड, जीएसटी नंबर यांना ‘व्हारचार’ द्या. आणि पैशांना ‘फ्लोट’ नको, ‘डेसिमल (१०,२)’ द्या. फ्लोट अंदाजे किंमत साठवतो, त्यामुळे पैशापैशाचा फरक साठत जातो.

३. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

मायएसक्यूएल ८.० पासून डेटाबेस आपोआप ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बनतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘लॅटिन१’ असायचं आणि त्यात देवनागरी बसतच नाही. डेटाबेस बनवतानाच यूटीएफ८एमबी४ सांगा आणि प्रोग्रॅममधून जोडणी करताना ‘सेट नेम्स यूटीएफ८एमबी४’ द्या.

आधी भरलेली नावं वाचतील का? ‘हेक्स’ फंक्शन लावून ते नाव बघा. नुसतं ३एफ, ३एफ, ३एफ दिसलं तर आत खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत आणि ती नावं पुन्हा टाइप करावी लागतील. वेगवेगळे आकडे दिसले तर बहुतेक नाव शाबूत आहे, घोळ फक्त दाखवण्यात आहे.

४. साखरेचा दर बदलला आणि सगळ्याच मालाचा बदलला

‘अपडेट माल सेट दर = ४४’ असं लिहून घाईत सेमीकोलन दिला. ‘व्हेअर’ राहिलं. आता साबणापासून तुपापर्यंत सगळं ४४ रुपये! मायएसक्यूएल प्रत्येक कमांड लगेच पक्की करतं, मागे फिरायला जागा ठेवत नाही.

म्हणून सवय लावा. आधी त्याच व्हेअरने ‘सिलेक्ट’ करून बघा, किती ओळी येतात. मग ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’, मग अपडेट. एकच ओळ बदलली असेल तर ‘कमिट’, तीनशे बदलल्या असतील तर ‘रोलबॅक’. वर्कबेंचमध्ये ११७५ नंबरची एरर येते ती याचसाठी आहे. वैतागून ते सेटिंग बंद करू नका. आणि रोज दुकान बंद करताना ‘मायएसक्यूएलडंप’ने बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर.

५. ९०० ची बाकी ३३०० कशी झाली?

ही आजची मुख्य गोष्ट. समजा, एका गिऱ्हाइकाची दोन बिलं आहेत, १००० आणि ५००. त्याने तीनदा पैसे दिलेत, ३००, २०० आणि १००. बाकी ९००. तुम्ही ग्राहक, बिलं आणि जमा ही तिन्ही टेबलं ‘जॉइन’ केलीत आणि बेरीज काढलीत. उत्तर आलं ३३००.

झालं काय, तर प्रत्येक बिल प्रत्येक जमेशी जोडलं गेलं. २ गुणिले ३, सहा ओळी झाल्या. बिलं तीनदा मोजली गेली म्हणून ४५००, जमा दोनदा म्हणून १२००. वजाबाकी ३३००. कुठेही एरर नाही.

इथे ‘डिस्टिंक्ट’ लावायचा मोह होतो. नको. ५०० ची दोन वेगळी बिलं असली तर ते दोन्ही मिळून एकच मोजेल. खरा उपाय मुनीमजींचाच आहे: दोन वह्यांची बेरीज आधी वेगवेगळी मारा. एका उपक्वेरीत ‘ग्रुप बाय’ करून गिऱ्हाइकागणिक बिलांची बेरीज, दुसरीत जमेची. आता प्रत्येकाची एकेकच ओळ उरली, मग जोडा.

जोडताना ग्राहक टेबलपासून ‘लेफ्ट जॉइन’ करा. साध्या जॉइनमध्ये ज्याने एकदाही पैसे दिले नाहीत तो यादीतूनच गायब होतो, म्हणजे नेमका ज्याच्याकडे जायला हवं तोच! आणि त्याची जमा ‘नल’ येते. १५०० वजा नल म्हणजे नल, १५०० नव्हे. म्हणून ‘कोलेस’ वापरून नलच्या जागी शून्य घ्या.

घरचा अभ्यास

तीन गिऱ्हाइकं निवडा: एक नियमित देणारा, एक एकदाही न दिलेला आणि एक दोन सारख्या रकमांची बिलं असलेला. तिघांची बाकी आधी कागदावर काढा, मग क्वेरी चालवा. तिन्ही आकडे जुळले की मगच ती यादी हातात घेऊन वसुलीला निघा. गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात, पण ९०० देणं असलेल्या माणसाकडे ३३०० मागितले तर तो पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढेलच असं नाही.