आराम पडला तरी पंप सोडू नका

तिशीपुढच्या माणसांचा तपासणी-फॉर्म भरताना आम्ही आशा सेविका एक प्रश्न विचारतोच: स्वयंपाक कशावर करता? सिहोऱ्याच्या धानपट्ट्यात गॅस असलेल्या घरीही चूल सुटत नाही. भात शिजवणं, आंघोळीचं पाणी तापवणं चुलीवरच. पावसाळ्यात काड्या ओल्या, दार बंद, धूर घरातच.

अशाच एका काकूंना डॉक्टरांकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "मी त बिडीले हातबी नाही लावला, मले दम्याचा रोग कायले होईल?" पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासोबत याचंच उत्तर मांडलं होतं: धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी हा दम लागण्याचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे. श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही. तपासणीत औषध ओढल्यानंतर जोरात फुंकायला लावतात. फुंकलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात निघाली, तर निदान पक्कं होण्याकडे जातं. हीच स्पायरोमेट्री.

निदान झालं की घरच्यांना वाटतं, काम झालं. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं. झालेली हानी भरून येत नाही, पण उपचारांनी दम कमी होतो, त्रास वाढण्याचा वेग मंदावतो. म्हणून मी घरी गेले की आधी औषध ओढायचा पंप वापरून दाखवायला सांगते. कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारी माणसं मी पाहिली आहेत! कॅप्सूल पंपाच्या यंत्रात घालून यंत्र फिरवायचं, तोंड घट्ट लावून औषध जोरात ओढायचं आणि जमेल तसा, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. रोज थोडं चालायचं, दरवर्षी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारायचं.

दम लागण्याचं कारण चूलच असेल असं नाही. आपल्याच तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत. खाणीतल्या दगडाच्या धुळीचा आजार काम सोडल्यावर अनेक वर्षांनीही वर येऊ शकतो. निवृत्त माणसांनी दम लागला तर जुनं काम डॉक्टरांना सांगावंच.

बेडका हिरवा-पिवळा झाला, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. आणि बरं वाटत असलं तरी दिलेल्या तारखेला या. पंप सोबत आणा.