तुटलेला बोल्ट आणि केसाहून बारीक फट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी जुनी मोटार मी घरीच दुरुस्त करायला घेतली. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर पाण्याच्या नळीचे एक झाकण दोन बोल्टांनी बसवलेले असते. पहिला बोल्ट सहज निघाला. दुसरा हलेना. मी पान्याला लांब पाइप जोडला आणि जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला आणि बोल्टाचे डोके पान्यासकट हातात आले! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अशी चूक करावी, याची मला लाज वाटली.

चूक कोणती, ते पाहू या. परिबल म्हणजे बल गुणिले अंतर. २० सेंमी लांबीच्या पान्यावर १०० न्यूटन (सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतके) बल लावले, तर परिबल २० न्यूटन-मीटर होते. पाइप जोडून लांबी ६० सेंमी केली की तेवढ्याच बलाने ते ६० होते. मजबूत पोलादाचा ८ मिमी व्यासाचा बोल्टही ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास पिळून तुटतो. हाताला मात्र फरक जाणवत नाही.

बोल्ट इतका घट्ट का बसला? लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठे होते. शिवाय पोलाद व अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी शिरले की एक लहानसा विद्युतघट तयार होतो, अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते.

झाकण काढल्यावर बोल्टाचा पाऊण सेंटिमीटर तुकडा वर दिसत होता. मी पुन्हा जोर लावणार, तोच शेजारचे मिस्त्री म्हणाले, "थांबा सर, आधी गरम पाणी आणा."

त्यांच्या सल्ल्यामागचे गणित सोपे आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की अ‍ॅल्युमिनियम दहा लाखांत २३ भाग प्रसरण पावते, तर पोलाद सुमारे १२ भाग. तापमान ७० अंशांनी वाढवले, तर ८ मिमीचे भोक बोल्टापेक्षा ८ × ११ × ७० ÷ १०,००,००० म्हणजे सुमारे ०.००६ मिमीने अधिक मोठे होते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! पण गंजाची पकड सैल व्हायला आणि तेल आत झिरपायला तेवढे पुरते. (ज्योत मात्र वापरू नये, जवळच पेट्रोल असते.)

उकळते पाणी ओतले, पुसून तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी तुकडा पकडीत धरून किंचित पुढे, किंचित मागे असा फिरवला. पुढेमागे केल्याने भुकटी मोकळी होते व तेल खोल जाते. पंधरा मिनिटांत तुकडा बाहेर आला. डोके तुटल्यामुळे बोल्टातील ताणही नाहीसा झाला होता. उरली होती ती केवळ गंजाची पकड.

तुकडा भोकाच्या आतच तुटला असता तर? मग मध्यावर पंच मारून, भोक पाडून, त्यात एक्स्ट्रॅक्टर ठोकून फिरवावे लागते. येथे सावध राहावे. पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ३ मिमीच्या एक्स्ट्रॅक्टरची शक्ती त्याच पोलादाच्या ८ मिमी दांड्याच्या (३/८)³, म्हणजे सुमारे एक-एकोणिसांश! त्याचे पोलाद दुप्पट मजबूत धरले, तरी एक-दशांशच. बोल्ट तोडणाऱ्या परिबलापुढे तो टिकणार कसा? आणि तो आत तुटला, तर साध्या ड्रिलने कापला जात नाही, इतका तो कठीण असतो. म्हणून एक्स्ट्रॅक्टर वापरण्याआधीही उष्णता आणि तेल हवेच.

करून पाहा : काचेच्या बरणीचे पत्र्याचे झाकण घट्ट बसले असेल, तर त्यावर गरम पाणी हळूहळू ओता आणि मग फिरवा. झाकण का सैल झाले, ते आता तुम्हीच सांगा. आणि झाकण काचेचे व बरणी पत्र्याची असती, तर काय केले असते?