चढाला दम तुटतो तेव्हा

गाडीचं बोलणं : भाग ७

रहिमतपूरहून कोरेगावमार्गे पुसेगावला निघालो होतो, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत भाकरी-चटणीचं गाठोडं. कोरेगाव सुटेपर्यंत तक्रार नव्हती. वर्धनगडचा घाट लागला आणि पाय दाबूनही गाडी रेटेना. एक हिसका, थोडी दबली, पुन्हा हिसका. मागून कुणी दावं धरून ओढावं तसं. दुसरा गिअर टाकला की बरी चालायची, तिसरा टाकला की परत तेच. घाट संपला, सपाटी लागली आणि दुखणं जणू नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात बॉनेट उघडून उभ्या गाडीला रेस दिली. इंजिन एका सुरात चाललेलं. पुढच्या तीन आठवड्यांत एअर फिल्टर बदलून झाला, थ्रॉटल बॉडी धुऊन झाली, इंजेक्टर साफ करून झाले. घाटात गाडी होती तशीच. शेवटी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "सर, चार माणसं बसवा आणि चला चढाला. मोकळ्या गाडीला ताप येत नसतो."

आजच्या भागात सांगायचं ते या एका वाक्यात आलं आहे. पिकअपचा दोष ओझ्याखाली दिसतो, म्हणून तो ओझ्याखालीच शोधायचा.

रहिमतपूरकरांना हे समजायला गावाबाहेर जायची गरज नाही. आदिलशाही काळातल्या मशिदीजवळ हत्तीच्या मोटेचा बुरूज आहे, सुमारे ५० फूट उंच, आणि त्याला लागून लांबलचक उतार. मशिदीच्या कारंजाला लागणारं पाणी हत्ती लावून वर चढवायचे. हत्ती नुसता चालताना बघून तो दमाचा आहे की नाही हे कुणाला कळलं असतं? भरलेली मोट दोराला लागल्यावरच कळणार. इंजिनाचंही तसंच असतं.

आमच्या गाडीचा दोष अखेर प्लगपाशी सापडला. मिस्त्रींनी चढावर स्कॅनर लावून पाहिलं, तिसरा सिलिंडर मिसिंग दाखवत होता. परत येऊन त्यांनी तो प्लग काढला, फडक्याने पुसला आणि उन्हात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर उभी, केसाएवढी करडी रेघ होती. शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. नखाने खरवडली तरी जाईना. मग कॉइलचं रबरी टोपण उलटं करून आत बॅटरी मारली, तर नेमकी त्याच जागी आतून तशीच रेघ.

ती रेघ वीज चोरवाटेने गेल्याची खूण होती. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २०-३० हजार व्होल्ट करते आणि त्या जोरावर ठिणगी प्लगच्या टोकाची फट ओलांडते. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी येते, दाब कमी राहतो, ठिणगी सहज उडते. चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो. त्या दाबलेल्या हवेतून फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. मग वीज सोपी वाट धरते, चिनी मातीच्या बाहेरून त्या रेघेवरून खाली उतरते, आणि आत ठिणगी पडतच नाही. दुसऱ्या गिअरला गाडी बरी का चालायची, हेही यातून कळतं. खालच्या गिअरला इंजिन जोरात फिरतं, तेवढ्याच चढाला पाय कमी दाबावा लागतो, सिलिंडर तेवढे गच्च भरत नाहीत. प्लग आणि टोपण दोन्ही बदलावं लागतं. एकच बदललं तर जुनी रेघ नव्या भागावर उमटते.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा असे हिसके बसताना मिचकायला लागला तर पाय लगेच हलका करा. दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि मिचकणं वेगळं. मिचकतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते ती, वितळली की चोंदते. मग प्लगच्या किरकोळ कामावर तिचा भलामोठा खर्च येऊन बसतो.

पण प्रत्येक दबणारी गाडी प्लगचीच नसते. मिस्त्रीकडे जाण्याआधी नेमकं केव्हा दबते ते स्वतः नीट बघा. मी तर म्हणेन, चार दिवस वहीत लिहून ठेवा.

पाय दाबल्याबरोबर क्षणभर ठसका लागतो आणि मग गाडी सुरळीत पळते, असं असेल तर दोष बहुतेक हवेच्या मोजमापात असतो. हवा हलकी, ती पाय दाबताच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे पडतं. त्या क्षणाला थोडं जादा पेट्रोल लागतं. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्बोरेटर होता आणि हे काम त्यातला छोटा पंप करायचा, पाय दाबला की पिचकारी. त्याचं रबर झिजलं की ठसका ठरलेला. जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांना अजूनही तोच त्रास होतो. नव्या गाड्यांत सेन्सर हवा मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोलचा हिशेब करतो, साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने. सेन्सरवर धूळ बसली किंवा त्याच्या पुढचा रबरी पाइप चिरला की हिशेब चुकतो. हा सेन्सर फडक्याने कधीही पुसू नका. आतली तार केसासारखी नाजूक असते, तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो.

आणि एअर फिल्टरचा डबा मात्र स्वतः उघडून बघा. ऊसपट्ट्यात हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. तोडणीचा हंगाम सुरू झाला की रहिमतपूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे धुळीचे लोट असतात, फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. शिवाय शेताकडेला किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात. एका शेजाऱ्यांच्या गाडीचा डबा उघडला तर आत उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं आणि कुरतडलेला फिल्टर! गाडी महिनाभर ओढत नव्हती, आणि कारण चार क्लिपांच्या आड होतं.

दुसरी तऱ्हा अशी : गाडी सुरुवातीला छान पळते, पण हायवेला लांब चढावर पाय दाबून धरला की हळूहळू मरगळते, पाय सोडला, थोडं थांबलं की परत बरी. इथे पेट्रोल कमी पडतंय. ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. फिल्टर चोंदला की एकच लाइन चालू असेल तर पाणी पुरतं, सगळ्या लाइनी सोडल्या की टोकाच्या नळ्या कोरड्या. गाडीचंही तेच. हळू चालवताना चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप निभावून नेतो, पूर्ण मागणी आली की दाब पडतो. दाब गेज लावून मोजता येतो, तोही गाडी ओढत असताना. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून काटा तळाला टेकेपर्यंत गाडी चालवायची सवय सोडा. पाव टाकी नेहमी राहू द्या.

आता इथेनॉलबद्दल, कारण हल्ली प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटतं. आपल्याच भागातल्या उसाच्या रसातून आणि मळीतून काढलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, आता २० टक्क्यांपर्यंत. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं पडतं. पण धडधाकट इंजिन त्यामुळे हिसके खात नाही, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून देतो. खरा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं असेपर्यंत ते मिसळून राहतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पंप तिथूनच ओढतो. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी अचानक दबायला लागली तर मिस्त्रीला थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढायला सांगा. अर्धा तास हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. जुन्या गाड्यांत आणखी एक भर पडते : इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदललेला बरा.

उंचीचाही हिशेब ठेवा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. महाबळेश्वरला गाडी थोडी मंद वाटली तर तो आजार नाही. दोन हजारांचं बिल करून घेऊ नका.

डिझेलवाल्यांसाठी दोन गोष्टी. काळा धूर आणि सूं असा आवाज एकत्र आला तर आधी टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप तपासा, जोडाशी तेलकट ओल असेल तर हवा तिथून निसटते आहे. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चालवलं तर तो तापतच नाही, दिवा लागतो आणि गाडी स्वतःहून ताकद कमी करते. दिवा पहिल्यांदा लागला की गाडी साताऱ्याच्या हायवेला काढा आणि अर्धा तास एका वेगात चालवा. दुर्लक्ष करून महिना काढला तर गॅरेजशिवाय सुटका नाही.

राहिली एक तऱ्हा. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, काटा वर जातो, पण गाडी वेग घेत नाही, आणि घाटात जळक्या रबरासारखा वास येतो. इथे इंजिन निर्दोष आहे, प्लग-फिल्टरला हात लावू नका. ताकद तयार होते आहे, चाकापर्यंत पोचत नाही. ते काम क्लचचं. त्याचं पुढच्या आठवड्यात बघू.