चवदार तळ्याचा दावा : ऐकले जाणे म्हणजे काय?

अन्यायाविरुद्ध बोलणे आणि ते बोलणे ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली पीडिताच्या हाती असते. दुसरीसाठी ऐकणाऱ्यावर काही बंधन पडावे लागते. हे बंधन कसे निर्माण होते हे समजून घेण्यास महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण उपयुक्त आहे. १९२७ चा सत्याग्रह सर्वपरिचित आहे. त्यातून उद्भवलेल्या दाव्याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि पाणी होते तेथेच राहिले. अधिकार मिळाला होता. तो बजावण्याची सोय नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मतांनी दिलेले मतांनीच काढून घेतले गेले. पुढे सनातनी पक्षाने दिवाणी दावा लावून डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्या महिन्यातील दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील सत्याग्रह मात्र या हुकुमामुळे तहकूब ठेवावा लागला.

वरवर पाहता हा अस्पृश्यांचा पराभव होता. वस्तुतः येथेच प्रकरणास निराळे वळण लागले. दावा सनातन्यांनी लावल्यामुळे ते वादी झाले आणि आंबेडकर प्रभृती प्रतिवादी. अर्थात पुराव्याचा भार वादींवर आला. जी बंदी आजवर कोणास सिद्ध करावी लागली नव्हती, ती आता साक्षीपुराव्याने सिद्ध करणे प्राप्त झाले. अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी कधी घेतले नव्हते, हा वादींच्या म्हणण्याचा गाभा होता. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे मौनच रूढीचा पुरावा म्हणून पुढे केले गेले. मौनाचा असा उपयोग होऊ शकतो, म्हणूनच ते मोडण्यास महत्त्व आहे.

१९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात निकाल वादींविरुद्ध लागला; ठाण्याच्या अपिलातही तेच झाले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. अनादि काळापासून चालत आलेली रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निर्णयाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. रूढी अन्याय्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. ती सिद्ध झाली नाही एवढेच म्हटले. ती सिद्ध झाली असती तर अवाजवी वा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरते काय, हा प्रश्न निर्णयाविना राहिला. तेव्हा दुसऱ्या एखाद्या गावी अधिक भक्कम पुरावा पुढे आला असता, तर तेथील अस्पृश्यांस या निकालाचा आधार पुरला असता असे म्हणवत नाही.

ही उणीव १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने भरून काढली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून होणाऱ्या मज्जावास प्रतिबंध केला. बोले यांच्या ठरावाशी या शब्दांचे साम्य उघड आहे. परंतु तेथे शिफारस होती, येथे मूलभूत हक्क आहे. शिफारस देणाऱ्याच्या मर्जीवर मागे घेता येते, हे महाडने १९२७ मध्येच अनुभवले होते. ज्या बोलण्याची दखल घेणे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही, तेच बोलणे खऱ्या अर्थाने ऐकले गेले असे म्हणता येईल.